थोरल्याचा अबोला: प्रीतीविरुद्धच्या पापांचं एक प्रकरण

सात वर्षं थोरला दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचा आणि तिथे वाटला जाणारा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, न घेता घरी जायचा. रांग निघाली की बाकाच्या टोकाला गुडघे बाजूला करून बसायचा, इतरांना वाट द्यायचा. वसईच्या आमच्या धर्मग्रामात हे कुणापासून लपलेलं नव्हतं. कारणही सगळ्यांना माहीत होतं: धाकट्याशी अबोला.

२०२४ च्या उपवासकाळात एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. धर्मगुरू नाही, त्यामुळे तो माझ्यापुढे जे बोलला ते पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मागण्याचा संस्कार, नव्हतं. तरीही त्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघा भावांना मी थोरला आणि धाकटा एवढंच म्हणेन.

“बाई,” तो म्हणाला, “सख्ख्या भावाशी बोलत नाही म्हणजे मोठं पाप. मोठं पाप अंगावर असताना ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, हे तुम्हीच पोरांना शिकवता. आणि त्याच्याशी बोलायला तर माझी जीभ उचलत नाही. मग मरेपर्यंत असाच बसून राहू का?”

नियम त्याला बरोबर ठाऊक होता. गंभीर पापाची जाणीव असलेल्यानं आधी पापनिवेदन करावं, मग ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असं चर्चच्या कायद्याचं, म्हणजे धर्मसंहितेचं, ९१६ वं कलम सांगतं. चूक नियमात नव्हती, तराजूत होती. सात वर्षं तो भलतीच वस्तू तोलत बसला होता. हे मलाही लगेच कळलं नाही. त्या संध्याकाळी मी त्याला जवळजवळ चुकीचा दिलासा देऊन घरी पाठवणार होते.

भांडण वाडीवरून. वडिलांची दीड एकर जागा, त्यात केळी, थोडी पानवेल, मधोमध विहीर. थोरला वीस वर्षं कुवेतला होता. जाताना त्यानं धाकट्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. वाडी धाकट्यानं राखली, आईवडिलांची दुखणीखुपणीही त्यानंच काढली. वडील गेल्यावर थोरला कायमचा परतला, सातबारा काढून पाहिला, तर विहिरीलगतचे सहा गुंठे एकट्या धाकट्याच्या नावावर चढलेले. फेरफार झाला होता तो थोरल्यानं दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर. धाकट्याचं म्हणणं, वडिलांनी शेवटच्या आजारात तोंडानं दिलं होतं, बहीण साक्षीला होती. बहीण म्हणते, मला आठवत नाही. दिवाणी दावा लागला, तो अजून चालू आहे.

यात खरा कोण, ते मला माहीत नाही आणि इथे ठरवायचंही नाही. येशूकडेही एक जण हीच तक्रार घेऊन आला होता, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा म्हणून. त्यानं वाटणी करून देणारा व्हायला नकार दिला आणि लोभापासून जपा म्हणाला. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ते आहे. एक गोष्ट मात्र थोरल्याला मी आधीच सांगून टाकली: दावा लावणं हे प्रीतीविरुद्धचं पाप नव्हे. आपलं वाटतं ते न्यायालयात मागता येतं आणि तरीही भावाचं भलं चिंतता येतं. त्याला हे ऐकून आश्चर्य वाटलं. दावा मागे घेतल्याशिवाय देव आपल्याला जवळ करणार नाही, असं तो धरून चालला होता.

मग मी त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लावलं.

सातबारा हातात पडला त्या दुपारी तो धाकट्याच्या अंगणात गेला आणि म्हाताऱ्या आईसमोर ओरडला, “तुझं वाटोळं होईल. तुझ्या घराला कुलूप लागेल.” हातपाय कापत होते. रात्री झोप लागली नाही. बोललो ते खरंच घडावं असं वाटत होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “नाही हो. त्याची पोरं माझ्या मांडीवर वाढलीत. पण शब्द परत घेतला नाही.”

त्यानंतर अबोला. पहिल्या वर्षी धाकटा चर्चच्या फाटकाशी “दादा” म्हणून हाक मारायचा, थोरला मान फिरवायचा. पहिल्या नाताळाला बायको आळीतल्या घरोघरी फराळाची ताटं पाठवत होती, तेव्हा यानं धाकट्याच्या घरचं ताट अडवलं. दुसऱ्या नाताळाला तिनं न विचारता पाठवलं. यानं पाहिलं आणि काही बोलला नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. दुसऱ्या दिवशी बांधावरून त्याला धाकट्याची केळी आडवी झालेली दिसली. “आतून बरं वाटलं, बाई. खोटं का बोलू? मग माझीच मला लाज वाटली.” पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ती रस्त्यावरूनच परत निघाली होती. यानं त्यांना थांबवून धाकट्याच्या वाडीकडे बोट दाखवलं: तिकडेही बघा, तिकडे जास्त पडलंय.

चौथी गोष्ट सांगताना त्याचा आवाज बसला. पुढच्या वर्षी जुलैतल्या एका रात्री धो धो पाऊस होता, रस्त्यात पाणी भरलं होतं. दोनच्या सुमाराला दारावर थापा. पुतण्याचा आवाज: “मोठेकाका, गाडी काढा.” थोरला जागा होता. पडून राहिला. दोन-तीन मिनिटं गेली असतील, मग उठला, दिवा लावला, दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी रिक्षानं धाकट्याला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स होतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली, निभावलं.

ही सगळी यादी ऐकून मी त्याला समजावायला लागले. म्हटलं, मोठं पाप, म्हणजे प्राणघातक पाप, कशाला म्हणतात ते आधी नीट बघू.

आपल्या बोलण्यात मोठं पाप आणि लहान पाप हे शब्द इतके रुळले आहेत की दोन्ही एकाच पट्टीवरची मापं वाटतात. लहान वाढत वाढत मोठं होतं, दहा लहानांचं एक मोठं होतं, अशी समजूत. कॅथलिक धर्मशिक्षण तसं सांगत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या १८५५ व्या परिच्छेदात हा फरक प्रीतीवरूनच केला आहे: प्राणघातक पाप माणसाच्या हृदयातली प्रीती नष्ट करतं, क्षम्य पाप तिला दुखावतं, जखमी करतं, पण ती जिवंत राहते. धर्मपंडित संत थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात यासाठी आजार आणि मरण यांची तुलना वापरली. आजारी शरीरात स्वतःला बरं करणारा प्राण शिल्लक असतो. मेलेल्यात तो नसतो, बाहेरून कुणीतरी जीव घालावा लागतो. कितीही सर्दी-पडसं एकत्र केलं तरी त्याचं मरण होत नाही. दुर्लक्ष केलं तर माणूस मरणाच्या वाटेला लागतो, हे वेगळं.

आणि प्रीती म्हणजे माया वाटणं नव्हे. श्रद्धा आणि आशेसारखी ती देवानं दिलेली आहे. देवावर त्याच्यासाठी आणि शेजाऱ्यावर देवासाठी प्रेम करणारी ती शक्ती आहे. तिचं घर इच्छेत आहे. म्हणून ती मेली की नाही हे राग किती आला यावरून कळत नाही. इच्छेनं काय पत्करलं, ते बघावं लागतं. १८५७ व्या परिच्छेदातल्या तीन अटी त्यासाठीच आहेत: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं, आणि जाणूनबुजून संमती हवी. तिन्ही एकत्र असल्याशिवाय पाप प्राणघातक होत नाही. द्वेषाबद्दल २३०३ वा परिच्छेद आणखी नेमका आहे: शेजाऱ्याचं वाईट व्हावं असं मुद्दाम इच्छिणं हे पाप, आणि त्याचं गंभीर नुकसान व्हावं असं मुद्दाम इच्छिणं हे गंभीर पाप.

या मापानं पहिला शाप बघा. शब्द भयंकर, आईसमोर उच्चारलेले. पण त्या क्षणी तो माणूस रागानं थरथरत होता, आणि तसं घडावं अशी इच्छा त्याच्यात ठरली नव्हती. रागाचा झटका संमती कमी करतो. आईला झालेलं दुःख खरं, शब्द परत न घेणं हेही खरं, आणि त्या दोन्हींबद्दल क्षमा मागायलाच हवी. तरी त्या दुपारी प्रीती मेली असं मला म्हणवत नाही.

केळी पडल्यावर वाटलेला आनंद तर आणखी स्पष्ट आहे. हेव्याबद्दल लिहिताना थॉमस सांगतो की हेवा त्याच्या प्रकारानं प्राणघातक असला, तरी विचार पोहोचण्याआधी मनात उठणारी त्याची पहिली हालचाल क्षम्य असते आणि ती सत्पुरुषांतही आढळते. थोरल्यानं ती हालचाल ओळखली, तिची लाज धरली, आणि पंचनाम्याच्या माणसांना वाट दाखवली. त्या बोटात मला प्रीती जिवंत दिसते. त्याला स्वतःला ती कधी दिसली नव्हती. आनंद झाला एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

अबोल्याबद्दल थॉमसनं केलेला एक फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या घरांना तो अगदी लागू पडतो. शत्रूला मैत्रीच्या खुणा दाखवल्याच पाहिजेत का, असा प्रश्न त्यानं घेतला आहे. त्याचं उत्तर असं: जे आपण सर्वांसाठी करतो, त्यातून शत्रूला वगळता येत नाही. सर्वांसाठी प्रार्थना केली तर त्यात तोही आला. वगळलं तर तो सूड झाला. खास जवळिकीच्या खुणा मात्र दाखवल्याच पाहिजेत असं नाही; पण गरज पडली तर मदतीला धावायची मनाची तयारी हवी. म्हणजे संध्याकाळी धाकट्याच्या ओट्यावर जाऊन गप्पा मारणं हे थोरल्याकडून कुणी मागत नाही. आळीभर जाणारं ताट त्याच एका घरी अडवणं, ही मात्र वगळण्याची कृती होती. आपणहून हाक न मारणं एक, आणि भाऊ चारचौघांत “दादा” म्हणतो तेव्हा मान फिरवणं दुसरं. त्या पहिल्या वर्षाबद्दल मी ठाम बोलणार नाही. पुढचा अबोला, ज्यात बोललो तर पुन्हा भडका उडेल ही भीती होती आणि फराळाचं ताटही जात होतं, तो जखम आहे, मरण नव्हे.

इतकं झाल्यावर मी म्हटलं, “तुम्ही फादरांकडे जा. हे सगळं सांगा. रात्रीच्या थापांचंही सांगा. पण सात वर्षं जे धरून बसलात, ते वाटतं तेवढं नाही.”

तो उठला. चपला घालत होता. आणि मग सहज, धाकट्याचं घर कसं आहे हे मला पटावं म्हणून, बोलून गेला: “त्याच्या मुलीचं स्थळ मोडलं ना, ते मीच सांगितलं म्हणून. नाहीतर त्या लोकांची फसवणूकच झाली असती.”

मी त्याला पुन्हा बसवलं.

घडलं ते असं. पुतणीसाठी चांगलं स्थळ आलं होतं. मुलाचा मामा थोरल्याच्या कुवेतमधल्या ओळखीतला. चौकशीला आला, चहा झाला. थोरल्यानं त्याला शांतपणे सांगितलं की मुलीला लहानपणी आकडी यायची. आठव्या-नवव्या वर्षी तिला दोन-तीनदा आकडी आली होती, हे खरं. पुढे औषधानं थांबली, पंधरा-सोळा वर्षं काही नाही, हेही थोरल्याला ठाऊक होतं. ते त्यानं सांगितलं नाही. मामानं विचारलं, आता बरी आहे का? हा म्हणाला, “मी काय सांगू? त्या घरात खरं कोण बोलतं?” आठवड्याभरात नकार आला.

“मी एक शब्द खोटा बोललो नाही, बाई.”

ही मुलगी त्याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला त्यानं हातात धरलं होतं.

आता तीन अटी पुन्हा लावा. बाब: एका निरपराध मुलीचं नाव आणि ठरत आलेलं लग्न. ज्याच्यावर अन्याय झाला तो कोण, यावरही पापाचं गांभीर्य अवलंबून असतं असं १८५८ वा परिच्छेद सांगतो, आणि इथे तर पुतणी, वर धर्मकन्या. जाणीव: आकडी थांबल्याचं त्याला माहीत होतं, स्थळ मोडेल हेही माहीत होतं, त्यासाठीच तर बोलला. संमती: राग नाही, थरथर नाही, हातात कप. मामाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो थोडा थांबला होता, हे त्यानंच सांगितलं. त्या थांबण्यात त्यानं ठरवलं.

दुसऱ्याची उणी बाजू सबळ कारणाशिवाय ज्यांना ती माहीत नाही त्यांना सांगणं, हे खरं असलं तरी पाप आहे, असं २४७७ वा परिच्छेद म्हणतो. सबळ कारण असू शकतं. त्या आजाराचा खरोखर धोका असता आणि घरचे तो लपवून लग्न लावत असते, तर मामाला सांगणं हे कर्तव्यही ठरलं असतं. पण कर्तव्य म्हणून सांगणारा अर्धं सांगून थांबत नाही. थॉमस ही पापं न्यायाच्या विभागात ठेवतो. धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की ती न्याय आणि प्रीती दोन्हींविरुद्ध जातात. थॉमस त्यांत आणखी बारकाई करतो: तोंडावर केलेला अपमान वेगळा, पाठीमागे केलेली बदनामी वेगळी, आणि दोन माणसांत किंवा दोन घरांत फूट पडावी म्हणून कान भरणं वेगळं. या तिघांत तो कान भरण्याला सर्वांत गंभीर मानतो, कारण बाहेरच्या सगळ्या संपत्तीत मित्र ही सर्वांत मोलाची, आणि कान भरणारा तीच हिरावून घेतो.

अंगणातला शाप सगळ्या आळीनं ऐकला होता, म्हणून तो थोरल्याला मोठा वाटला. चहावरचं वाक्य फक्त एकानं ऐकलं, म्हणून ते पापात मोजायचंही त्याला सुचलं नाही. मी हे गेली कित्येक वर्षं वर्गात पाहते आहे: मुलं, मोठी माणसंही, रागाच्या उष्णतेवरून पाप मोजतात. “भावावर राग धरणारा” हे शुभवर्तमानातले शब्द आपल्या कानात घुमतात, आणि थंड डोक्यानं केलेलं सुटून जातं. योहानाच्या पहिल्या पत्रात भावाचा द्वेष करणारा मनुष्यघातक आहे असं लिहिलंय, ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे लाल झालेला चेहरा येतो. चहाचा कप येत नाही.

“म्हणजे ती केळी, तो अबोला, ते नाही, आणि हे आहे?” त्यानं विचारलं. बराच वेळ गप्प बसला. मी त्याला म्हटलं, कृतीबद्दल मी बोलू शकते, तुमच्या आत्म्याबद्दल नाही. कृत्य गंभीर आहे असा निवाडा आपण करू शकतो, माणसाचा निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवायचा, हे १८६१ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे. हे पाप आहे हे मला तेव्हा कळलंच नाही, असं तुम्ही म्हणालात तर त्याचा विचार फादर तुमच्याबरोबर करतील. त्यानं मान हलवली. “कळलं होतं. म्हणूनच बायकोला सांगितलं नाही.”

रात्रीच्या थापांचा प्रश्न तसाच राहिला. तो माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. जीव वाचवण्याची वेळ ही थॉमसच्या त्या मनाच्या तयारीची नेमकी परीक्षा. भाऊ वाचला म्हणून न उघडलेलं दार हलकं होत नाही, कारण पाप परिणामावरून नव्हे तर इच्छेवरून ठरतं. पण ती इच्छा काय होती? विहिरीच्या पंपावरून आदल्या दिवशी कुरबूर झाली होती, पुन्हा तेच असेल असं वाटलं, असं तो म्हणतो. मग लगेच म्हणतो, पंपासाठी कुणी गाडी काढायला सांगत नाही. आणि शेवटी तो उठला, हेही आहेच. ती दोन-तीन मिनिटं म्हणजे नकार होता की नकाराशी झुंज, हे त्यालाच ठरवता येत नाही. अशी शंका आहे तशीच, शंका म्हणून, पापनिवेदनात ठेवता येते. तिला जोर लावून पहिल्या किंवा दुसऱ्या खान्यात ढकलायची गरज नाही.

पवित्र आठवड्यात तो फादरांकडे गेला. आत काय झालं ते मला माहीत नाही. ईस्टरच्या पहाटेच्या मिस्सेला तो रांगेत उभा राहिला, इतकं सगळ्यांनी पाहिलं.

धाकट्याशी बोलणं अजून जमलेलं नाही. क्षमा म्हणजे विसरणं किंवा न दुखणं नव्हे. न वाटणं आणि विसरणं हे आपल्या हातात नाही, असं २८४३ वा परिच्छेद आपणहून मान्य करतो. त्यामुळे मला त्या अबोल्याची पूर्वीइतकी काळजी वाटत नाही. फाटकाशी धाकट्याची नजर पडली तर थोरला आता मान हलवतो.

भरपाई मात्र टाळता येत नव्हती. नाव घालवलं असेल तर ते परत मिळवून द्यावं लागतं, पापाची क्षमा झाली तरी ते ऋण उरतं, हे २४८७ व्या परिच्छेदात आहे. मेच्या सुट्टीत तो पुतणीला भेटायला गेला, ती नोकरीला आहे त्या ठिकाणी, घरी नव्हे. सगळं सांगितलं. ती रडेल किंवा ओरडेल अशी त्याची तयारी होती. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मोठेकाका, मामांशिवाय आणखी कुणाकुणाला सांगितलंत?”

ट्रेंटच्या धर्मसभेनं १५५१ मध्ये प्राणघातक पापं प्रकार आणि संख्येसह सांगावीत असं ठरवलं, ते मी वर्गात नेहमी शिकवते. त्या संख्येचा उपयोग त्या दिवशी मला नव्यानं कळला. थोरल्याला आठवायला वेळ लागला. मामा धरून तीन घरं निघाली.

मामाला त्यानं कुवेतला फोन केला आणि न सांगितलेला अर्धा भाग सांगितला. दुसऱ्या घरी स्वतः जाऊन आला. तिसऱ्या घरचे लोक वाडी विकून विरारला राहायला गेलेत. त्यांचा पत्ता त्याच्याकडे नाही. धाकट्याकडे आहे.